सासूबाईंचे नाचाचे जोडे

प्रिय सूनबाई,

बदलीच्या गावी रुळलीस का? इकडची बातमी अशी की, तू अर्धवट सोडून गेलेल्या जोडीनाचाच्या वर्गात मी नाव घातलंय. साठी बुद्धी नाठी म्हणायचं तर खुशाल म्हण.

सरावाचे जोडेही घेतले. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाच घ्या, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. दुकानदार उंच टाचांचे चकचकीत जोडे पुढे करत होता. मी म्हटलं, बाबा रे, मला मिरवायचं नाही, गुडघे सांभाळायचे आहेत. शेवटी बुटक्या रुंद टाचेचे, घोट्याला पट्टा असलेले घेतले. तळाला रबर नाही, केसाळ मऊ चामडं.

माझी खोड तुला ठाऊकच आहे. तळ मळका दिसला म्हणून साबणाने धुतला, वर पॉलिशही मारलं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिरकीला घसरले. वर्गातल्या दातांच्या डॉक्टरांनी सावरलं नसतं तर हे पत्र हॉस्पिटलातून आलं असतं. हो, तेच डॉक्टर, ज्यांचा फोन आला की तू दुसऱ्या खोलीत जायचीस. मी म्हातारी झालेय, बहिरी नाही.

त्यांनी मला बाकावर बसवलं, माझे जोडे स्वतःच्या मांडीवर घेतले आणि चामड्याचे दबलेले केस पुन्हा उभे राहीपर्यंत तारेच्या ब्रशने तळ घासत बसले. ओले झाले तर सावलीत वाळवा, रस्त्यावर घालू नका, एवढंच म्हणाले. माझ्या अकलेबद्दल अवाक्षर नाही. मग मीच तुझा विषय काढला. बरेच आढेवेढे घेतले बिचाऱ्यांनी. तू त्यांना लग्नाला नकार का दिलास ते तेव्हा कळलं. म्हणे, आईंना काय वाटेल.

अगं, ते आईंनाच विचारायचं होतंस. माझा मुलगा गेला तेव्हा स्वतः उपाशी राहून मला घास भरवलास तू. त्याला विसर असं मी कधीच म्हणणार नाही. पण तू जन्मभर एकटी राहिलीस तर मला बरं वाटेल, हे कुठून काढलंस? रडू येईल मला, आलं तर येऊ दे. खरं सांगते, मी नाच शिकायला गेलेच नव्हते, त्यांना पारखायला गेले होते. मुलीला स्थळ बघताना आईबापांचे जोडे झिजतात म्हणतात. माझे गिरक्या घेऊन झिजले, एवढाच फरक. स्थळ चांगलं आहे. होकार मला नको, त्यांना कळव.

तुझीच, आणि या लग्नात मुलीकडची,
आई