ताईंचं थांबणं

९ जानेवारी, गुरुवार

टाका पडला! चौदावा आठवडा. डॉक्टरबाई म्हणाल्या, गर्भाशयाचं तोंड सैल आहे, ते टाक्याने बांधून ठेवलंय, आता दर गुरुवारी येऊन दाखवायचं. दर गुरुवारी म्हणजे जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर.

येताना टॅक्सी केली. ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलला अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक दाबायचा. मी दोन्ही हातांनी पोट धरायचे. एकोणीस वेळा. घरी आले तेव्हा बोटं आखडली होती.

हा म्हणाला, "ताईला विचारू?" ताई म्हणजे ह्याची मोठी बहीण.

 ह्याला "मी नेतो" म्हणता येत नाही आणि मला "तू ने" म्हणता येत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आजही हा खाली जाऊन गाडीत बसून आला. दर रविवारी जातो. कव्हर काढतो, काचा पुसतो, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो, बंद करतो, वर येतो. तीन वर्षांत गाडी फाटकाबाहेर काढलेली नाही.

लिहूनच टाकते. निदान इथे तरी.

तिसऱ्या वेळी दिवस गेले होते, तेव्हाची गोष्ट. सोळावा आठवडा होता. कुत्रं आडवं आलं आणि ह्याने जीव खाऊन ब्रेक दाबला. पट्टा पोटात रुतला. दोन दिवसांनी सगळं संपलं. दवाखान्यातून परतताना मी एकच वाक्य बोलले — "तुला जरा हळू थांबता आलं नाही?"

त्या दिवसापासून तो गाडी चालवत नाही. मी ते वाक्य परत घेतलं नाही. घ्यावंसं वाटलंही नाही.

डॉक्टरबाई म्हणतात, तोंड सैल होतं. असेल. पण सैल गाठसुद्धा कुणी हिसका दिल्याशिवाय सुटत नाही, असं माझं मन म्हणतं. त्यांना विचारलेलं नाही. "हो" म्हणाल्या तर? मग मी ह्याच्याबरोबर एका घरात कशी राहू?

१६ जानेवारी, गुरुवार

ताई आल्या. शोभेचे मासे दुकानांना पोचवतात त्या. स्वतःचा छोटा टेम्पो आहे, स्वतःच चालवतात. पन्नाशी उलटली आहे. बारा वर्षांत आमचं बोलणं "आलात का" आणि "निघते" यापलीकडे गेलेलं नाही. तिसऱ्या वेळी आल्या होत्या. तीन दिवस भांडी घासली, कपडे वाळत घातले, सांत्वनाचा एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून मनात मी त्यांना 'कोरडी बाई' म्हणते.

कव्हर ओढून काढलं, बसल्या, सीट पुढे सरकवली. "आमच्या धाकट्याचे पाय आहेत का बांबू!" मग मला, "बसा मास्तरीणबाई. लाल पेन घरी ठेवलंत ना?" (मी छापखान्याची मुद्रितं घरी आणून तपासते. जगाच्या चुका काढते, अशी माझी कीर्ती आहे.)

पहिला सिग्नल लांबून दिसला. मी पोट धरलं, डोळे मिटले, वाट पाहिली.

काहीच नाही. डोळे उघडले तर बाजूचं झाड जागच्या जागी. आम्ही थांबलेलो होतो! कधी थांबलो?

२३ जानेवारी, गुरुवार

आज डोळे उघडे ठेवले. त्यांचे पाय आणि डावा हात पाहत राहिले.

सिग्नल दोनशे पावलांवर असतानाच पाय उचलतात. गाडी आपोआप मंदावते. मग ब्रेकवर नुसतं वजन. चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात. हात दांडा ढकलत नाही, तो जाईल तिकडे त्याच्याबरोबर जातो. क्लच सोडतात तो झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात काढावा तसा. तिसऱ्यातून दुसरा. मग इंजिन कुरकुरायच्या आत क्लच खाली, न्यूट्रल, आणि अगदी शेवटी, थांबायच्या क्षणी, ब्रेक किंचित सैल. म्हणून गाडी पुढे झुकून हिसका देत नाही.

आणि हे सगळं करताना तोंडाने दुकानदाराला शिव्या चालूच!

३० जानेवारी, गुरुवार

सतरावा आठवडा. इथवर मी कधीच आले नव्हते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी विचारलं. "ताई, हे कुठे शिकलात?"

"माशांकडे."

मला वाटलं, थट्टा.

"अगं, टब अर्धे भरलेले असतात. काठोकाठ भरले तर वजन पेलत नाही. गाडी थांबते, पाणी थांबत नाही. ते पुढे जातं, आपटतं, मागे येतं, परत आपटतं. पहिल्या महिन्यात निम्मे मासे मेले. दुकानाचा मालक म्हणाला, बाई, तुम्ही मासे पोचवता की धुणं?"

"मग?"

"मग काय! एक दिवस दुसऱ्याला चालवायला बसवलं आणि मी मागे टबांमध्ये जाऊन बसले. चपला भिजल्या, अक्कल आली. तेव्हा कळलं, गिअरने वेग उतरवायला गेलं की गाडी हिसका देते. वेग आधी उतरवायचा, गिअर मागनं. आणि खालचा गिअर टाकलास की क्लच सोडण्याआधी जराशी रेस द्यायची. इंजिनला हाक मारायची, बाबा रे, येतेय. न सांगता घरात शिरलं की कुणीही दचकतं."

घरी येऊन हे जसंच्या तसं उतरवलं. एवढं नेमकं बोलणारी माणसं मुद्रितांत आठवड्यातून एखादी भेटली तर नशीब.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज परतताना झोप लागली! मला. गाडीत. ताई म्हणाल्या, "घोरतेस बरं का. शुद्धलेखनाची चूक म्हणून नोंद करून ठेव."

६ मार्च, गुरुवार

मला वाटायचं, ह्या बाईला कशाचंच काही वाटत नाही. आज गतिरोधक आला तेव्हा पाहिलं. तो यायच्या आधी त्यांचा श्वास थांबतो. मागची चाकं उतरली की सोडतात. मला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून सोडतात.

कोरडी बाई! कुणी ठेवलं हे नाव? मीच.

२० मार्च, गुरुवार

 चोविसावा आठवडा.

येताना, बाजारपेठेच्या वळणावर, एक सायकलवाला गल्लीतून थेट समोर. ताईंना सावकाश थांबायला जागाच नव्हती. दणकन ब्रेक. पट्टा रुतला. तसाच! अगदी तसाच!

सायकलवाला शिव्या देत निघून गेला. ताईंनी गाडी कडेला घेतली. माझ्या पोटाला हात लावायला आल्या, मी झटकला.

"काही होत नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत!" मी ओरडले. ओरडलेच.

"अगं, डॉक्टरबाईंना मी—"

"नको! काही सांगू नका. एक शब्द नको!" कान बंद केले मी दोन्ही हातांनी. लहान मुलीसारखे.

त्यांनी किल्ली फिरवली. घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये आणलं मला. मागे गाड्यांची रांग.

२१ मार्च, शुक्रवार

पडून आहे. ह्याला सांगितलं नाही. सांगितलं तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहावं लागेल.

ताईंनी आजची खेप रद्द केली. स्वयंपाकघरात बसल्या आहेत. भांड्यांचा आवाज येतोय. बोलत नाहीत. ह्या वेळी मला तो आवाज बरा वाटतो.

२२ मार्च, शनिवार

दोन दिवस झाले. संध्याकाळचे साडेपाच. काही नाही. पुन्हा काही नाही!

आणि आत्ता, लिहिता लिहिता, लाथ. अशी की वही हलली.

ताईंना हाक मारली. आल्या, हात ठेवला, बराच वेळ ठेवला. म्हणाल्या, "गोलकीपर दिसतोय." नाक पुसलं, निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "मासे ओरडत असतील." मासे ओरडत नाहीत, हे मीही बोलले नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

आज दांड्यावर त्यांच्या हातावर हात ठेवू दिला. "दाबू नकोस. नुसता ठेव. काय करतेय ते कळेल."

चौथा, तिसरा, दुसरा. कळलं. सगळं कळलं, आणि तरी मला जन्मात जमणार नाही. कारण मध्येच त्या काही तरी ऐकतात. इंजिनाचं, रस्त्याचं, मागच्या गाडीचं, माझ्या श्वासाचं. त्यावरून ठरवतात. माझ्या कामात मी एवढं ऐकते का? वाक्य संपताना वाचणाऱ्याला धक्का लागेल का, याचा विचार करते का? मी तर नुसती चूक दिसली की लाल रेघ मारते. माणसांवरसुद्धा.

१५ मे, गुरुवार

बत्तीस आठवडे. ताईंना म्हटलं, तुमचं कौतुक करायला शब्द सापडत नाहीत.

"सापडले की कळव. तोवर पाण्याची बाटली दे."

१२ जून, गुरुवार

टाका काढला. छत्तीस पूर्ण. बाळाचं वजन चांगलं आहे. आता कधीही.

कपडे नीट करून बाहेर आले. डॉक्टरबाईंना हसत म्हटलं, हे सगळं श्रेय ताईंचं, पाच महिन्यांत एकदाच काय तो हिसका बसला, इतकं जपून आणलं मला.

डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "चालवण्याचा काय संबंध? असल्या हिसक्याने काही होत नसतं. आधीचं गेलं ते तोंड उघडत गेल्यामुळे. कित्येक दिवस आधीपासून उघडत असणार. तुमच्या नणंदबाईंना मी पहिल्याच गुरुवारी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं होतं."

गाडीत बसले. ताईंनी किल्ली फिरवली नाही. समोर बघत होत्या.

"पहिल्याच गुरुवारी?"

"हं."

"मग का?"

"सांगायला गेले होते, त्या सायकलवाल्याच्या दिवशी. तू कान झाकलेस."

"पण त्याआधी? तुम्हाला माहीत होतं की गरज नाही. मग एवढं..."

"गरज कशी नाही? तू घाबरत होतीस ना! धक्का न देता थांबायला डॉक्टरांची चिठ्ठी कशाला लागते?" किल्ली फिरवली. "आणि धाकट्याला हे मी सांगून उपयोग नव्हता. वाक्य तुझं होतं."

म्हणजे ते वाक्यही त्यांना ठाऊक आहे. तीन वर्षं.

घरापर्यंत एकोणीस सिग्नल. एकदाही कळलं नाही कुठे थांबलो. आज गरज नसतानाही! आणि आज मला कळलं की गरज कधीच नव्हती, तरी प्रत्येक वेळी पाय तितकाच जपून ठेवला गेला. मोठं कशाला म्हणायचं, ते मला या बाईने दाखवलं.

संध्याकाळी ह्याला सांगणार होते. त्याच्यासमोर ताट ठेवलं. जीभ रेटली नाही.

१३ जून, शुक्रवार

दवाखाना. कळा दर दहा मिनिटांनी, मध्ये लिहितेय.

दुपारी सुरू झाल्या. ताई खेप घेऊन शंभर किलोमीटर दूर. फोन हातात घेऊन हा टॅक्सी शोधत होता. मी म्हटलं, "तू ने."

मोठ्या चौकात त्याने क्लच चुकीच्या वेळी सोडला. गाडीने जबरदस्त हिसका दिला आणि बंद पडली. ह्याचा चेहरा पांढराफटक. "लागलं?"

"नाही. त्याने काही होत नाही. तेव्हाही झालं नव्हतं. तुझ्यामुळे नाही गेलं ते बाळ."

मागचे हॉर्न वाजवत होते. आम्ही तसेच बसून होतो. वाजवू देत, म्हटलं.