हलक्या स्टेअरिंगची जीप

मी, रत्नपाल बकाराम शहारे, वय वर्षे चोपन्न, धंदा जीपवर भाडे मारणे (आता बंद), राहणार मौजा नवेगाव बांध, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, आज हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. दारू प्यालेलो नाही, कधीच पीत नव्हतो. कोणी धाक घातलेला नाही. फक्त दोन्ही हातांतला जोर गेला आहे, पेन धरवत नाही, म्हणून मी बोलतो आणि माझी मुलगी रचना लिहिते. आवडले नाही तरी तिने एक शब्द गाळायचा नाही, ही माझी अट आहे. याआधी मी असे काही लिहिलेले नाही आणि पुन्हा लिहिण्याइतका वेळ मिळेल असे वाटत नाही.

घरावरून, शेतावरून आमच्यात भांडण होणार नाही. होईल ते जीपवरून. म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम १. राहते कवेलूच्या छपराचे घर माझी पत्नी अल्का हिचे. ती आहे तोवर तिला कोणी "आमच्याकडे येऊन राहा" म्हणून त्रास देऊ नये, तिला दुसरीकडे झोप लागत नाही. तिच्यामागे दोन्ही मुलांचे सारखे.

कलम २. नहराखालची धानाची बांधी (भातखाचर) मुलगा प्रफुल्ल याची. तो तिरोड्याला वेल्डिंगच्या कामावर असतो, शेतीची त्याला हौस नाही. तरी विकण्याआधी आईला विचारावे.

कलम ३. पाने, जॅक आणि गाडी ओढायची साखळी माझे मित्र सुखराम मिस्त्री यांना. यातले अर्धे सामान त्यांनी आधीच मागून नेले आहे आणि परत केलेले नाही. तेही माफ.

कलम ४. हे मालमत्तेचे नाही, पण लिहून ठेवायचे आहे. माझ्या बाबांच्या हातून कापणीत विळा गळून पडायचा. शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत जात नव्हता. शेजारचा मनिराम चौकात सगळ्यांदेखत म्हणायचा, "बकाराम सकायपासून पिऊन राह्यते." बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. हे ऐकत ऐकतच ते गेले. मनिरामने माझ्या मातीला येऊ नये. आलाच तर हाकलू नये, पण चहा देऊ नये.

तीच बिमारी मला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, ही रक्तातून येते, हातांपासून सुरू होते, औषध नाही. मी विचारले, माझ्या मुलांना? ते म्हणाले, एखाद्याला होईल, एखाद्याला नाही.

कलम ५. जीप. जुनी डिझेल, फोर बाय फोर. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे बोरे आणि पावसाळ्यात बाळंतिणी हिनेच नेल्या, कारण जंगलातल्या चिखलात दुसरी गाडी शिरत नव्हती. पण स्टेअरिंगचे चाक असे जड की वळणावर दम निघायचा. मनगटे जायला लागल्यावर मी छातीने दाबून चाक फिरवायचो. तेव्हा सुखरामने एका पिकअपचा पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स बसवला. त्याचा पंप काही मिळेना, म्हणून गोंदियाच्या भंगारातून एका मोठ्या विदेशी कारचा पंप आणला. तो आमच्या इंजिनवर बसेना. ब्रॅकेट केला तर पुली तिरपी आली आणि पट्टा सुटून रेडिएटरवर आदळला. पुन्हा ब्रॅकेट केला. पाइपाचे नट जुळेनात, ते लेथवर करून आणले. सगळे झाल्यावर सुखराम म्हणाला, "भाऊ, हा पंप लय मोठा हाय. इतकं तेल ढकलन का चाक करंगळीनं फिरन. चांगल्या हाताच्या मानसाले सांभाळनार नाई."

मी म्हटले, "चांगल्या मानसासाठी बनवून कोन राहिला बे?"

चाक खरेच करंगळीने फिरले. मी त्या दिवशी गाडीत बसून रडलो. पुढे कितीतरी वर्षे त्या पंपावर आमचे घर चालले.

कलम ६. प्रफुल्ल, जीप तुला नाही. तुझा जीव तिच्यात आहे हे मला माहीत आहे. मागे कापणीला सुट्टीवर आलास, हट्टाने घेऊन गेलास. धाबेपवनीच्या रस्त्यावर बैल आडवा आला, तू सवयीने चाकाला झटका दिलास आणि जीप बांधीत उलटली. बरगडी मोडून घेतलीस आणि वर मलाच म्हणालास, "बाबा, तो पंप काढा, बरोबरचा लावू." बाबू, तुझ्या हातात जोर आहे, म्हणून ती तुला ऐकत नाही. तो जोर जन्मभर राहो. पंप काढायचा नाही. जीप विकायची नाही.

कलम ७. जीप मुलगी रचना हिला.

इथे रचनाने पेन खाली ठेवला. "बाबा, मले तं गाडी चालवताच येत नाई. मले काऊन?"

मी म्हटले, लिही, हेही लिही. ती अंगठा चोळत बसली. सकाळपासून प्रत्येक कलमानंतर ती अंगठा चोळते आहे. पोळ्यापासून चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. अल्का म्हणते, पोरगी वेंधळी झाली. मी ओळखले, माझेही असेच सुरू झाले होते. तोंडावर सांगवेना, म्हणून तिलाच लिहायला बसवले.

ती म्हणाली, "मले मालूम हाय, बाबा. तुमालेच मालूम नाई असं वाटे मले. म्हून लपवून राहिली व्हती."

धीर द्यावा असे माझ्याकडे काही उरलेले नाही. बाबांचे पाहिले, माझे भोगले, आता तिचे. तिच्या वेळेपर्यंत औषध निघेल असे कोणी म्हटले की माझे डोके फिरते.

कलम ८. (रचनाचा हात चालेना, इथून पुढे सुखराम मिस्त्री लिहितात.) जीप छपरीत झाकून ठेवावी. दर पावसाळ्याआधी सुखरामने पंपाचे तेल आणि पट्टा पाहावा. रचनाने इतक्यात ती चालवू नये. तिच्या हातात अजून जोर आहे, तीही भावासारखी बांधीत जाईल. हात जात जातील तशी जीप तिच्या ताब्यात येईल. एक दिवस ती धाबेपवनीपर्यंत सरळ जाऊन सरळ परत येईल. त्या दिवशी कोणी तिला शाबासकी देऊ नये.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी म्हटले तसेच आहे. सही होत नाही म्हणून डाव्या हाताचा अंगठा. तो सुखरामने धरून टेकवला.

रत्नपाल बकाराम शहारे (अंगठा)

साक्षीदार:
१. सुखराम उके, मिस्त्री (सही)
२. धुरपता सुखदेवे, शेजारीण (सही)

ठिकाण: नवेगाव बांध
दिनांक: १७ नोव्हेंबर २०१३