मागितलं तेवढंच

१० नोव्हेंबर, सोमवार
नवं साइन-इन आजपासून सुरू. आमच्या लग्न जुळवणाऱ्या साइटवर आता कुणी मनाला येईल ते लिहायचं नाही. लॉगिन करताना आम्ही मागणार, मेंबरच्या फोनवर पान येणार: ही कंपनी तुमचं नाव, वय, पदवी, वैवाहिक स्थिती मागते आहे, द्यायचं का? 'होय' दाबलं की मोबाइलमधल्या कागदपत्रांच्या वॉलेटमधला दाखला शिक्क्यासकट आमच्याकडे. शिक्का खरा की खोटा ते सर्व्हर बघतो. निनाद (साहेब, पण माझ्याहून बराच लहान) दिवसभर खुशीत. "माधवीताई, आता थापा बंद!"
घरी आईला सांगितलं. डाळिंब्या सोलत होती. म्हणाली, "आमच्या वेळी मामा जाऊन गावात चौकशी करून यायचा. तोच तुमचा सर्व्हर."

१२ नोव्हेंबर, बुधवार
अडकलेल्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आलंय. बहुतेकांचा एक तर पासवर्ड विसरलेला, नाही तर वॉलेट रिकामं. एक मात्र वेगळा. घरत, राहणार उलवे, कळंबोलीला ट्रकचा धंदा, विधुर. नाव येतं, वय येतं, पदवी येते (बी. कॉम.), शेवटच्या पानावर थांबतं. विधुर असेल तर आम्ही पत्नीचा मृत्यूदाखला मागतो, ते पान.
फोन लावला. मागे लोखंड उतरवल्याचा दणदणाट.
"मॅडम, तुमची सिस्टीम घेत नाय."
"पुन्हा एकदा करून बघाल का?"
"बघतो की."
आवाजात घाई नाही. हल्ली असा आवाज कुठे ऐकायला मिळतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
घरतांचा लॉग काढून बघितला. बिघाड नाहीच. दर वेळी एकच नोंद: युजरने नकार दिला. वाटलं, बटणं जवळजवळ आहेत, बोट चुकत असेल.
"सर, तुमच्याकडून 'नाही' दाबलं जातंय बहुतेक."
मागचा दणदणाट लांब गेला. मग म्हणाले, "दाबलं जात नाय मॅडम. मीच दाबतो."
का, ते विचारलं.
"बयनीनं भरलंय माझं नाव. रोज विचारते, झालं का. तिला सांगतो, सिस्टीम घेत नाय. दवाखान्यात सही केली, स्मशानात केली, नगरपालिकेत केली. दर वेळेला मीच लिवून द्यायचं, ती गेली म्हणून. आता लग्न करायला बी तेच दाखवू?"
"मग नाव काढून टाकू का तुमचं?"
"नाय. काढू नका." थांबून: "घरी गेलो का बोलायला कोन नाय."
फोन ठेवल्यावर पाणी प्यायला उठले ते गच्चीतच उभी राहिले. वेगळं होऊन सहा वर्षं झाली मला. कोर्टाचा कागद माझ्याही कपाटात आहे, आणि मलाही कुणी मागितला तर...

१८ नोव्हेंबर, मंगळवार
निनादशी वाजलं. त्याला म्हटलं, पूर्ण कागद मागायची गरजच नाही. वैवाहिक स्थितीच्या दाखल्यातलं एकच उत्तर मागता येतं: सध्या विवाहित नाही. बाकीचं झाकलेलं राहतं. सोय सिस्टीममध्ये आहे, आपणच हावरटासारखं सगळं मागतोय.
"पण समोरच्या पार्टीला कळायला नको, विधुर की डिव्होर्सी?"
"कळू दे ना. तो माणूस तोंडाने सांगेल, सांगावंसं वाटेल तेव्हा. आपण दारातच त्याचे कपडे कशाला उतरवायचे?"
"ताई, तुम्ही हे पर्सनली घेताय."
"हो. घेतेय."
तो खाली बघायला लागला. माझं त्याला माहीत आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
निनाद कबूल. "ट्रायल म्हणून, हां." मागणीचं पान मी स्वतः लिहून दिलं, टेक्निकलच्या पोरांनी बसवलं. एक ओळ, दोन बटणं. इतकं कमी शब्दांचं काम करून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
घरतांना फोन. म्हटलं, आता परत करून बघा, मी लाइनवर आहे.
"एकच ओळ हाय."
"एकच."
"तिचं नाव नाय मागत?"
"नाही. ते तुमच्याकडेच राहील."
माझ्या स्क्रीनवर हिरवं झालं.
"झालं, सर."
"झालं?"
दोघांनीही फोन ठेवला नाही. मग आपण होऊन म्हणाले, "सुनंदा नाव तिचं." ट्रकच्या मागे काय रंगवायचं ते सुनंदा ठरवायची. पेंटर नेहमीचं काहीतरी लिहायला बघायचा, ही उन्हात स्टुलावर बसून राहायची, आपलंच लिहून घ्यायची. एकावर लिहिलंय: 'हळू ये, भात गरम आहे.' ती गेल्यावर घेतलेल्या गाडीची पाटी कोरीच आहे.
भाताच्या ओळीला मी हसले. मग त्यांना हसू आलं.

२ डिसेंबर, मंगळवार
तक्रार सुटली, म्हणजे फोन करायचं कारण सुटलं. आठवडाभर काही नाही. असायचं कारणही नाही.
कळंबोलीच्या सर्कलला रिक्षा अडकली की ट्रकच्या पाठी वाचते. आज रिक्षावाल्याने विचारलं, "कुठली गाडी शोधता काय?" नाही म्हटलं.
नंबर सिस्टीममध्ये आहे. नाव टाकलं की समोर येईल. टाकलं नाही. तो नंबर त्यांनी कंपनीला दिलाय, स्थळासाठी. मला नाही दिलेला.
आई आज जेवताना, सहज: "हलवायाच्या घरात गोड कुणी खायचंच नाही, असं असतं का गं?"
ताक वाढून घेतलं.

५ डिसेंबर, शुक्रवार
विचुंब्यात आमच्या बिल्डिंगमागच्या शेतात पोपटी लावली होती सोसायटीच्या लोकांनी. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगा, त्या पाल्याचा वास कपड्यांना. सगळी जोडपी. एकमेकांना शेंगा सोलून देत होती, भांडत होती, "तुझी जास्त भाजलीये" वगैरे. मला कुणी एकटं पाडलं नाही, उलट सगळ्यांनी आग्रह केला. तरी घरी आल्यावर वाटलं, ती शेंग कशी होती हे सांगायला एक माणूस हवं. आई झोपली होती. आणि आईला सांगायचं ते हे नव्हेच.

९ डिसेंबर, मंगळवार
घरतांचा फोन. हेल्पलाइनवर आले आणि "त्या मॅडमला द्या" म्हणाले. हेल्पलाइनवरच्या पूजाने हसू दाबत मला लाइन दिली.
"काही अडचण, सर?"
"नाय नाय. एक स्थळ आलंय. खांदा कॉलनीला शिक्षिका हायत. भेटलो रविवारी."
"छान." (आवाज नीट निघाला.)
"चांगल्या हायत. शांत. एक विचारायचं होतं. सुनंदाबद्दल त्यांना सांगू का?"
"सांगा ना. विचारतीलच त्या."
"विचारलं त्यांनी. सांगायला गेलो. पन तुमाला सांगितलं तसं नाय सांगता आलं."
पूजा समोर बसलेली. मी पेन्सिलीने पुठ्ठ्यावर चौकोन काढत होते.
"मॅडम, कधी फोन करायचा झाला तर माझा नंबर हायच तुमच्याकडं."
"आहे. पण तो कंपनीकडे आहे. मला नाही वापरता येत."
"मंग घ्या की. मी देतो." आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. मी लिहून घेतला. शेवटी म्हणाले, "आता तुमाला दिला."
संध्याकाळी आईने दोनदा विचारलं, अंगात कणकण आहे का.

१२ डिसेंबर, शुक्रवार
निनादला सांगितलं. चोरून नको. मेंबरशी ओळख वाढवायची नाही असा नियम आहे, आणि तो योग्य आहे.
"घरतांची केस पूजाकडे दे."
"का? त्रास देतायत?"
"नाही. मला त्यांच्याशी बोलायचंय. कंपनीतर्फे नाही."
त्याचे कान लाल झाले. पॉलिसी, हेड ऑफिस असं काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "त्यांनी स्वतः नंबर दिलाय?"
"हो."
"मग स्वतःच्या फोनवरून करा. त्यांचं रेकॉर्ड आजपासून तुम्हाला दिसणार नाही, ते मी बंद करतो." जाताजाता: "ताई, ऑल द बेस्ट." पोर वाटतं तेवढं लहान नाही.
दुपारी खरंच बंद झालं. त्यांचं वय, पदवी, काहीच आता माझ्यासमोर नाही. बरं वाटलं, आणि रिकामंही.

१७ डिसेंबर, बुधवार
फोन नाही केला. कालही नाही. त्यांच्याबद्दल मला इतकं कळलं, त्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही. मॅडम. मी घटस्फोटित, हे कळल्यावर आवाज बदलेल का? लोकांचा बदलतो. आणि ती शिक्षिका. चांगली आहे, शांत आहे. मी शांत नाही. तिचं चाललेलं बिघडवायला मी कोण?
पण 'तुमाला सांगितलं तसं नाय सांगता आलं', म्हणाले.

२१ डिसेंबर, रविवार
आई भजनाला गेली. चहा टाकला, गॅस बंद केला, फोन लावला.
"कोन?"
"माधवी." मग, ओळखलं नसणार म्हणून, "लग्नाच्या साइटवरची. पण आज तिथून नाही बोलत. घरून बोलतेय."
मागे ट्रकचा हॉर्न. "थांबा, बाहेर येतो." पावलं, लोखंडी दार, मग शांत.
"माधवी," असं त्यांनी एकदा म्हणून बघितलं.
मी घाईघाईने सांगून टाकलं, माझा घटस्फोट झालाय, आई आणि मी असतो, विचुंब्याला. कुणी न विचारता. आवाज बदलतो का ते कान देऊन ऐकत होते.
"बरं," म्हणाले. तोच आवाज. "मी बी सांगतो. शिक्षिकेला अजून उत्तर दिलं नाय. बयन मागं लागलीय."
"मी त्यासाठी नाही फोन केला."
"मंग काय काम होतं?"
"काम काही नाही."
खाली पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी आउट नाही म्हणून ओरडत होतं.
"मंग बोला," ते म्हणाले.