विधुरांचं ऑडिट

स्मृति नगर, भिलाई.

तीर्थरूप नरहरीभाऊ यांस मारोतरावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). इकडे आम्ही बापलेक खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याने आणि वहिनींच्या शुगरने आपापल्या जागी शांत राहावं, तुमसरात ऊन बेताचं असावं, ही इच्छा. मेहुण्याला कोणी एवढं लांबलचक पत्र लिहीत नाही हे मला कळतं; पण फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही, आणि माझी फजिती तुमच्याखेरीज कोणाला जास्त आवडणार?

तुमची भाची रेणू मानसशास्त्रात पीएच.डी. करते आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. (कॉलनीतले लोक तिला औषधाची डॉक्टर समजून अजून पित्ताच्या गोळ्या विचारतात.) तिचा विषय आहे बायको वारल्यानंतर निवृत्त पुरुषांचं मन कसं सावरतं. गाइड मॅडमनी सोपा विषय सुचवला होता, परीक्षेचा ताण वगैरे. हिने हाच धरला. का धरला ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. बेबी गेल्यापासून आमच्या घरात असंच चालतं.

तर तिला असे पुरुष हवे होते, आणि ते काही बोर्ड लावून फिरत नाहीत. मी म्हटलं, हे काम बापाकडे सोड. रसमड्याच्या कारखान्यातले, बोरसीत राहणारे, माझ्या ओळखीचे झाडून सारे विधुर मी गोळा केले. आता भाऊ, मी पडलो जुना सुपरवायझर. सेफ्टी ऑडिटवाले यायच्या आदल्या दिवशी माणसांना उभं करून उत्तरं घोटून घ्यायची, हे मी नोकरीभर केलं. साहेबाने काहीही विचारलं तरी 'सब बराबर है साब' म्हणायचं आणि जे बराबर नाही त्यावर ताडपत्री टाकायची. बाहेरचा माणूस कागद घेऊन आला की आम्हाला दुसरं काही सुचतच नाही. म्हणून रेणू कॉलेजात गेलेली बघून सगळ्यांना घरी बोलावलं, समोसे खाऊ घातले आणि तयारी करून घेतली. म्हटलं, "पोरीच्या डिग्रीचा सवाल हाय, कोनी रडगानं गाऊ नका." आमचा आनंदराव क्रेनवर होता, जरा शंकेखोर. म्हणाला, "अन् झोप येत नसन तं?" मी म्हटलं, "येते म्हनाचं." त्याने मान हलवली. समोसा मात्र तसाच ठेवला.

मग रेणूने एकेकाला प्रश्न विचारून कागद भरले, आणि निकाल काय लागायचा तो लागला. एकालाही एकटं वाटत नाही, एकाचीही भूक कमी नाही, आठवण तर कोणाला येतच नाही! मॅडमनी रेणूला विचारलं, ही माणसं आहेत की तू घरी बसून कागद भरलेस? वर्षभराची मेहनत पाण्यात, शिवाय पोरीच्या इमानावर डाग. ती घरी आली तेव्हा मी स्वतःच सगळं सांगून टाकलं. वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. चप्पलसुद्धा न काढता बसली आणि म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुमी मलेही हेच शिकवलेलं उत्तर देऊन राहिले ना?"

मी म्हटलं, "चहा घेतेस का?" भाऊ, मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग तिने मॅडमना खरं सांगितलं, परत परवानगी काढली आणि एकेकाच्या घरी एकटी जाऊ लागली. (मला मनाई आहे.) आनंदराव परवा भेटला, म्हणाला, "तिच्यासमोर लय रडलो बा. मंग झोप लागली." बापाची मुलाखत मुलीने घ्यायची नसते, म्हणून माझ्यासाठी तिची मैत्रीण प्रेरणा आली. मी सांगितलं की मी बाजारातून अजून कारली आणतो, कारण ती बेबीला आवडायची. आम्हा दोघांनाही आवडत नाहीत. रेणू मुकाट्याने करते, मी मुकाट्याने खातो. प्रेरणा लिहायची थांबली, तेव्हा मलाच तिची दया आली.

असो. काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मारोतराव

ता. क. प्रेरणाचा शेवटचा प्रश्न होता, गेलेल्या माणसाबद्दल तुम्ही कोणाशी बोलता? मी तुमचं नाव दिलं. तुमच्या सख्ख्या बहिणीबद्दल आणखी कोणाशी बोलणार? नंतर आठवलं, तेरवीनंतर आपण फोनवर धानाचा भाव बोललो, तुमचा गुडघा बोललो. बेबीचं नाव निघायची वेळ आली की तुमच्याकडे कुकरची शिट्टी होते आणि माझ्या दारावर कोणीतरी येतं. म्हणजे मी पुन्हा खोटंच सांगितलं, तेही पोरीच्या कामात.

आणखी एक. रेणूचे कागद जमा व्हायला थोडा अवकाश आहे. तेवढ्यात गाडीने दुर्गला उतरा, मी स्टेशनवर येतो. ते उत्तर खरं करून टाकू. फक्त सुरुवात तुम्ही करा, मला जमणार नाही. बेबी लहानपणी कशी होती इथपासून करा. ते मला कोणीच सांगितलेलं नाही.