तंबूवर पाणी ओतायला कोणीतरी

प्रिय वैशू,

आज गच्चीत तंबू उभा केला आणि गळतो का ते बघितलं. म्हणून लिहायला बसले. एरवी हे फोनवर दोन वाक्यांत झालं असतं. पण तुझा नंबर तुझ्या नवऱ्यानेच, सुहासने, बंद केलाय, आणि हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगावं, तेही मला कळत नाहीये.

झालं असं, की परवा प्रसादचा फोन आला. आपला प्रसाद, कॉलेजपासून प्रत्येक ट्रेकला सगळ्यांची डोकी मोजणारा! "शनिवारी भंडारदऱ्याला काजवे बघायला जातोय. येतेस ना?" मग जरा थांबून म्हणाला, "तंबू तुझा आणशील, की मुलींच्या तंबूत घुसतेस?"

"माझा आणीन," मी म्हटलं.

का म्हटलं असेल मी? तो इतका जपून बोलत होता, त्याचा राग आला असेल का? की मुलींच्या तंबूत कोपऱ्यात अंग चोरून झोपायची लाज वाटली? फोन ठेवल्यावर आठवलं, की तंबू फाटलेला आहे.

अंजनेरीवरची ती फाट तुला आठवते ना? जानेवारीत करवंदाच्या जाळीने वरचं कापड वीतभर उसवलं होतं. मी हळहळत होते आणि तू चहा ढवळत म्हणालीस, "रडतेस काय बाई, मे महिन्यात बघू." आपलं सगळं मेमध्येच असायचं. माझ्या गच्चीत तंबू, सॅक, रेनकोट पसरायचे, तू भोकं शोधायचीस आणि मी आंबे कापायचे. मग मार्चमध्ये साधा ताप म्हणून तू दवाखान्यात गेलीस.

मे आला. तू कुठे आलीस?

तंबू माझ्याकडे सुहासनेच दिला. तुझं तेरावं झाल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा तो आतून तंबूची पिशवी घेऊन आला. "तुम्हीच न्या, मेधा. आमच्याकडे कोण वापरणार?" पाठोपाठ तुझी ती छत्र्यांच्या कापडांची पिशवी. "आणि ह्या चिंध्या. मी फेकणारच होतो."

चिंध्या! मेलेल्या छत्र्या गोळा करायला तू कोणाकोणाकडे हात पसरला होतास ते त्याला काय माहीत? रविवार कारंज्यावरच्या छत्रीवाल्याशी तू भांडायचीस, "काड्या तुम्ही ठेवा, कापड मला द्या." एक पिवळं सोडलं, तर आपल्या तंबूवरचं एकूण एक ठिगळ कोणाच्या ना कोणाच्या छत्रीचं आहे. जांभळं माझ्या आईचं. ठिपक्यांचं तुझ्या तन्वीचं, शाळेतलं.

त्या दिवशी तुमच्या हॉलमध्ये लोक सुहासला भेटत होते, तुझ्या आईचा हात धरत होते, तन्वीला जवळ घेत होते. माझं काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" म्हटलं, "मैत्रीण." "अच्छा," म्हणाल्या आणि चहाचा ट्रे पुढे सरकवला. बँकेत रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेबांनी सहज विचारलं, "नात्यातलं कोणी?" मी नाही म्हणून बसले. खोटं नव्हतंच ते.

असो. ठिगळाचं सांगते.

काल रविवार होता. सकाळीच वरचं कापड जेवणाच्या टेबलावर पसरलं. पहिली गोष्ट काय केली असेल मी? सुई घेतली! चार टाके घातले आणि कापड खिडकीसमोर धरलं, तर प्रत्येक टाक्यातून उजेड. तेव्हा तुझा आवाज कानात वाजला, "सुई लांब ठेव गं, मठ्ठ! सुई म्हणजे नवीन भोकं." मुकाट्याने टाके उसवले.

मग तुला करताना पाहिलं होतं तसं केलं. सुटे धागे कापले. स्पिरिटने पुसून घेतलं. तुझ्या पिशवीतून निळं कापड काढलं, चौकोन कापला आणि थांबले. तू कोपरे ठेवायची नाहीस. कोपरा आधी उचलतो, म्हणायचीस. हातातली बांगडी काढून त्यावर ठेवली आणि चारही कोपरे गोल केले. गोंद लावून वाटीच्या बुडाने आतून बाहेर, आतून बाहेर दाबत राहिले. उलट बाजूनेही तसंच. वर दोन जाड शब्दकोश ठेवले. आज सकाळी शब्दकोश उचलले आणि राहिलेल्या चिकट कडांवर पावडर भुरभुरली. बरं दिसत होतं, वैशू. तुझ्याइतकं सफाईदार नाही, पण बरं.

तू मला कधी शिकवलं का नाहीस? गोंदाच्या ट्यूबला हात लावला की म्हणायचीस, "राहू दे, तू आंबे काप." इतकी वर्षं मी मनात तुला याबद्दल बोल लावत आले. काल डायऱ्या चाळल्या. 'शिकव' असं मी तुला म्हटल्याची नोंद एकाही ठिकाणी नाही. म्हटलं असतं तर लिहिलं असतं, मी काय काय लिहिते ते तुला माहीत आहे. मग? शिकायचं मलाच नव्हतं का? तू आहेस, तू करशील, यातच मला सुख होतं का?

बँकेतून आज लवकर निघाले आणि तंबू गच्चीत उभा केला. एक दोरी पाण्याच्या टाकीला, बाकीच्या विटांना. आता पाणी ओतून बघायचं. आणि तिथेच अडले. बाहेरून ओतायला एक माणूस लागतं आणि आत बसून बघायला दुसरं! दर वर्षी तू बाहेर, मी टॉर्च घेऊन आत. "आलं का?" "नाही." "आता?" "नाही गं, ओत अजून." हे दोन माणसांचं काम आहे, हे मला आजपर्यंत सुचलंच नव्हतं.

एकटीने करून बघितलं. मगभर पाणी ओतलं, चपला काढल्या, रांगत आत शिरले, तोवर माझेच गुडघे ओले. खालच्या कापडावर पाणी पसरलं होतं, ते वरून आलं की माझ्याबरोबर, काय सांगता येणार? तीनदा केलं. तिसऱ्यांदा आतच बसून राहिले. बाहेर समोरच्या इमारतीतला कुकर शिट्ट्या देत होता. वाटलं, प्रसादला सांगावं, नाही जमत.

तेवढ्यात विमलकाकू वर आल्या. तळमजल्यावरच्या त्या काकू, काही वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आल्यात. माहेर मखमलाबादचं, फुलांच्या मळ्यातलं. गच्चीत कुंड्यांमधून मिरच्या नि मोगरा करतात. हातात झारी.

"मेधाताई, काय ह्ये? गच्चीत मुक्काम टाकला का?"

मी तंबूतून डोकं बाहेर काढलं. आठवून बघितलं, तर मार्चपासून मी कोणाकडे काहीच मागितलं नव्हतं. साधी साखरही नाही. "काकू, जरा झारीने ह्याच्यावर पाणी घालता का? मी आत बसते."

"तुम्ही आत, न् मी वरून पाणी घालू? उष्णता झाली का काय?"

"गळतं का बघायचंय."

"बसा बाई, बसा. मिरच्यांचं पाणी तुमच्या तंबूला!"

मी टॉर्च लावला. वर पाण्याचा तडतड आवाज सुरू झाला.

"आलं का?"

"नाही."

"लय जोरात घालू?"

"घाला."

माझं निळं ठिगळ कोरडं होतं, वैशू! बोट फिरवून बघितलं, कडासुद्धा कोरड्या. तुला हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात बाहेरून काकू म्हणाल्या, "ती दुसरी कुठाय? दर साली ती वतायची ना पाणी? लय हसरी. माझ्या मोगऱ्यावर बी घातलं व्हतं तिनं, मी नको नको म्हणत व्हते तरी."

कापडाच्या पलीकडे त्या, अलीकडे मी. चेहरा दिसत नव्हता म्हणून बोलता आलं असेल.

"वारली ती, काकू. मार्चमध्ये."

पाण्याचा आवाज थांबला.

"अगं बाई. न् तुम्ही बोलला नाय कोणाला?"

"कोणी विचारलं नाही."

"ते बी खरंच," काकू म्हणाल्या. "एकाच जिन्यानं चढतो-उतरतो आपण." मग हळूच, "घालू का अजून?"

"घाला."

या वेळी पाणी सावकाश पडत होतं. आणि माझ्या मनगटावर थेंब पडला.

"आलं का?"

टॉर्च वर फिरवला. थेंब माझ्या ठिगळातून नव्हताच आला. तुझ्या पिवळ्या ठिगळातून आला होता.

हसू नकोस! तंबूवरचं तुझं सगळ्यात पहिलं ठिगळ ते. नवाकोरा तंबू, तू म्हणालीस याच्या घड्या किती वाईट दिसतात, आणि चक्क इस्त्री फिरवलीस! नायलॉनवर! इस्त्रीच्या टोकाएवढं कापड इस्त्रीला चिकटून आलं, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात जळका वास सुटला, आणि तू काय म्हणालीस? "व्होल्टेज वाढलं असणार." मग तू तुझा पिवळा रेनकोट कापलास, त्याचं ठिगळ सुईने शिवलंस आणि टाक्यांवरून नेलपॉलिश फिरवलंस. सुईने! म्हणजे सुई लांब ठेवायचं तू इथेच शिकलीस होय? मला कधी बोलली नाहीस ते.

नेलपॉलिशचे आता पोपडे निघालेत. टाक्याटाक्यातून पाणी झिरपत होतं.

आत बसल्या बसल्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहिते, तुझ्यापासून काय लपवायचं? पहिलं आलं ते समाधान. तंबू गळतो. प्रसादला तसं कळवता येईल, तोही बिचारा सुटेल. तंबू गुंडाळून पुन्हा कपाटावर, तुझं पिवळं ठिगळ जिथल्या तिथे, कोणी हात न लावलेलं. मला खरंच बरं वाटलं, वैशू. आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली. फोन आल्यापासून मी भोक बुजवत होते, की न जायला कारण शोधत होते?

"मेधाताई? आलं का गं?" काकू पहिल्यांदाच मला 'गं' म्हणाल्या.

"आलं," मी म्हटलं.

"कुठून?"

"जुन्यातून. तिने लावलेल्यातून."

"आता वं?"

"बघते."

"बघा. सकाळी मिरच्यांना येणारच हाय मी." त्या रिकामी झारी घेऊन खाली गेल्या.

मग मी ठिगळाचा कोपरा नखाने उचलून बघितला. हो, त्याला कोपरे आहेत! नेलपॉलिश पापडासारखं सुटलं. टाके मात्र घट्ट आहेत, लहान लहान, एकसारखे, तू मान वाकडी करून घातलेले. त्यावर दुसरं कापड डकवून चालणार नाही, पाणी आतल्या आत फिरत राहील, हे एवढं मलाही कळतं. जायचं असेल तर तुझे टाके उसवावे लागतील. टाके ठेवायचे असतील तर घरी बसावं लागेल.

इतकी वर्षं तू ते बदललं का नाहीस? दर मेमध्ये सगळ्या तंबूवरून हात फिरवायचीस. पोपडे तुला दिसले नसतील असं होणारच नाही. तुलाही त्यावर कात्री चालवणं जड जात होतं का? मग हे माझ्यावर का टाकून गेलीस गं?

उत्तर येणार नाही, माहीत आहे. तरी विचारते. सध्या माझ्या प्रश्नांना कोणीच उत्तर देत नाही आणि मला त्याची सवय होत चालली आहे. ते काही चांगलं लक्षण नाही.

तर वैशू, उद्या सकाळी मी तुझे टाके कापणार आहे. नखं कापायच्या छोट्या कात्रीने, एकेक करून, घाई न करता. रेनकोटचा तुकडा फेकणार नाही, इतकं मोठं मन माझ्याकडे नाही. तिथे कोणती छत्री लावायची ते अजून ठरलेलं नाही. गोल कापेन. आतून, बाहेरून, दोन्हीकडून लावेन. एक दिवस हात लावणार नाही. मग काकूंना झारी घेऊन वर बोलवेन, आणि त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं तर या वेळी नीट सांगेन. ठिगळ गळलंच, तर वर प्लॅस्टिक टाकेन. पण शनिवारी मी जाईन, हा माझा शब्द.

तंबू दोघींचा आहे आणि मी आजवर डाव्या बाजूला झोपत आले. शनिवारी मधोमध झोपून बघेन. नाहीच झोप लागली, तर डावीकडे सरकेन.

तुझी,
मेधा