कोळंबीची सिमेंटशी ओळख नाही

३ मार्च, सायगाव
बायकोने, बिकने, आज वीस कोटी डोंग माझ्या खात्यात टाकले. तिने नूडल्सची गाडी ढकलून आठ वर्षांत साठवलेले. तिला कोपऱ्यावरचा गाळा भाड्याने हवाय. अनामत एकतीस तारखेला भरायची. तोवर पैसे काय नुसते झोपवून ठेवायचे? टाइल्सच्या कंपनीत मी हिशेबनीस आहे, उगाच नाही. बिक म्हणाली, नसते उद्योग करू नका. मी ‘बरं’ म्हणालो. ‘बरं’ म्हणजे ‘हो’ नव्हे.

४ मार्च
लोक बुडतात, कारण त्यांचे सगळे शेअर एकदम पडतात. उपाय: कोरिलेशन. एक पडला की दुसराही पडतो का, त्याचा आकडा. एक आला तर जुळे भाऊ. शून्य म्हणजे ओळखदेख नाही. उणे एक म्हणजे सासू-सून. ऑफिसात दोन वर्षांचे भाव एक्सेलमध्ये घातले. कोळंबी निर्यात, सिमेंट, खोकल्याचं औषध. तिघांत आकडा जवळजवळ शून्य! तिन्ही घेतले. आता आभाळ कोसळलं तरी एक तरी उभा राहणारच.

८ मार्च
सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. थोरला मेहुणा ताम दादा, धाकटा लोय, मेहुणी ऊत, सगळे जमलेले. नैवेद्याची कोंबडी कापून होईपर्यंत मी कोरिलेशन समजावलं. ताम दादा म्हणाले, दाजी, एवढी अक्कल असून तुम्ही टाइल्स काय मोजत बसता! सासूबाईंनी एवढंच विचारलं, कोळंबी ताजी आहे ना? तिन्ही नावं सगळ्यांना लिहून दिली. आपल्याच माणसांपासून काय लपवायचं?

१४ मार्च
तिन्ही शेअर जांभळे! म्हणजे दिवसभरात जेवढं चढता येतं तेवढे चढले. एरवी या कंपन्यांना कुत्रं विचारत नाही. मी घेतले आणि रीघ लागली. ताम दादांनी दलालाकडून उसने काढून आणखी घेतले, शिवाय आपल्या ट्रकवाल्यांना सांगितलं. लोयने सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. ऊतने स्कूटर विकली. सासूबाईंनी पाटल्या मोडल्या. तिन्ही एकदम चढणं कोरिलेशनला धरून नाही, कबूल. पण वर जाताना त्याला कोरिलेशन म्हणत नाहीत, हुशारी म्हणतात. आज विकले तर अनामत भरून वर उरतील. पण चढत्या बाजारात विकतो तो दळभद्री.

२१ मार्च
जपानने कोळंबीचा माल परत पाठवला. शेअर आकाशी रंगात. म्हणजे आजचा तळ. विकायला रांग, घ्यायला कोणी नाही. घाबरायचं कारण नाही. याच दिवसासाठी तर सिमेंट घेतलंय.

२४ मार्च
सिमेंट आकाशी. कोळंबीचा आणि सिमेंटचा संबंध काय? दिवसभर शोधला. सापडला. संबंध म्हणजे ताम दादा. दलालाने उसने परत मागितले, कोळंबी खपेना, म्हणून त्यांनी सिमेंट काढलं. फोन करून म्हटलं, दादा, औषधाला तरी हात लावू नका. ते म्हणाले, औषध लोयने सकाळीच विकायला लावलंय. घेणारा मात्र कोणी नाही. घेणारे आपणच होतो ना, दाजी?

२५ मार्च
औषधही आकाशी. गणितात चूक नाही, पुन्हा तपासलं. लोयने चांद्र महिन्याच्या पहिल्याच दिवशी बदक खाल्लं होतं, म्हणजे महिनाभराचा अपशकुन. अशा माणसापुढे एक्सेल काय करणार?

२७ मार्च
दलालाने माझे सगळे शेअर मिळेल त्या भावाला फुंकले. थोडे उसने मीही घेतले होते. लिहायचं राहून गेलं.

२९ मार्च
जेवण जात नाही. बिक गाळ्याला कुठला रंग द्यायचा ते विचारते. आकाशी कसा वाटेल, म्हणाली. मी ओरडलोच. मग ताम दादांकडे उसने मागायला निघालो. पुलावरच्या सिग्नलला ते समोरून मोटरसायकलवर येताना दिसले, मागे लोय बसलेला. तोंडं पाहूनच कळलं, दोघं माझ्याकडे मागायला निघाले होते. सिग्नल सुटला तरी कोणी हलेना. मागचे हॉर्न वाजवत होते. मला रडू आलं.

३१ मार्च
गाळा एका चहावाल्याला गेला. बिकला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने गुपचूप पिशवी भरली, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभीच राहिली. मी म्हटलं, अगं, काय झालं? ती म्हणाली, रागावून माहेरी जावं म्हटलं, तर तेही तुम्हीच बुडवलंत. आईच्या घरी चूल पेटत नाहीये. जाऊ कुठे?

मग तिने चपला काढल्या आणि माझ्याकडे पाठ करून निजली.