चाकाखालचा दगड

पुणे,
३ सप्टेंबर २००६

तीर्थरूप बाबांस,

इंद्रजितचा सविनय जयभीम. आईलाही सांगावा.

तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मग तुम्ही ओरडता नि मीही ओरडतो, म्हणून लिहायला बसलो. तीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसून डावा कान गेला तुमचा, पण उजव्याला फोन लावायचं काही तुमच्या लक्षात राहत नाही. मी इकडे ठीक आहे. मेसचं जेवण बरं आहे. आर्णीला पाऊस किती झाला, ते धाकट्या ममताला कळवायला सांगा.

आता गाडीबद्दल. दसऱ्याला नागपूरला जायचं, दीक्षाभूमीला पन्नास वर्षं होतात, आणि या खेपेला मुलाच्या गाडीतून जायचं, हे तुम्ही वर्षभर मनात धरून आहात हे मला ठाऊक आहे. पण बाबा, या वर्षी गाडी आणणं जमेल असं दिसत नाही. रागावू नका, आधी ऐका.

शहरात गाडी ठेवणं म्हणजे घरात बसून खाणारा जावई पोसणं. हप्ता बेचाळीसशे. तो चुकत नाही, माझं जेवण चुकतं. विमा वेगळा. पेट्रोल पन्नाशीच्या पुढे गेलं आहे. जूनमध्ये मंडईबाहेर पाच मिनिटं लावली, तर उचलून नेली. दंड भरला आणि सोडवून आणायला अर्धा दिवस गेला, त्याचा पगार कापला. बंपरला पोचे आले, त्याचे अठराशे. आता टायर झिजलेत. पुण्याहून आर्णी, तिथून नागपूर आणि परत, एवढ्या लांब ही सेकंडहँड गाडी नेणं धोक्याचं आहे. मी ती विकायच्या विचारात आहे.

शेजारचे पुंडलिकराव वारले गेल्या महिन्यात. तेच, आपल्या महागावचे. तुमच्याच वयाचे होते. असो.

तुम्ही आणि आई बसनं जा. तुमचा पास आहेच. मला सुट्टीचं कठीण आहे.

तब्येतीला जपा.

आपला आज्ञाधारक,
इंद्रजित


आर्णी,
१० सप्टेंबर

चि. इंद्रजितले,

बाबारावचा जयभीम अन् आशीर्वाद.

पत्र तुह्या मायले वाचून दाखवलं. तुळसाबाई भाकरी थापता थापता उठली अन् चूल फुकत बसली, चूल तं चांगली पेटलेली होती.

पहिले मले हे सांग, हे भाषा कोणाची लिवून राह्यला तू? "जमेल असं दिसत नाही." आपल्या घरात असं कोण बोलते? हापिसात अर्ज देल्यावानी पत्र आहे बाप्पा तुहं. आज्ञाधारक म्हणे! तू कधी होता आज्ञाधारक?

दुसरं. तीस वर्षं गाडी चालवली म्या. ड्रायवर माणूस गाडीचं सांगते तेव्हा पहिले सांगते किती किलोमीटर चालली, अन् दुसरं सांगते उभी कुठं केली. तू हप्ता सांगतला, दंड सांगतला, इमा सांगतला. हे दोन नाही सांगतले. टायर म्हणते झिजले. उभ्या गाडीचे टायर कायनं झिजतात रे? रोग रेड्याले अन् औषध पखालीले!

पैसे नसन तं नाही म्हण. पेट्रोल मी टाकतो. पेन्शन काय चाटाले आहे?

तुले वाटते बुढ्याले मिरवाची हौस आहे. हाव, आहे. छप्पन साली मी अकरा वर्षांचा होतो. तुह्या आज्याच्या मागं पायी गेलतो नागपूरले, टाचा फुटल्या होत्या. पन्नास वर्षांनी त्याच रस्त्यानं पोराच्या गाडीत बसून जावं, ब्रेकवर पाय न ठेवता, असं वाटलं तं गुन्हा झाला काय?

अन् दुसरं कारण तुले सांगतलं नव्हतं. दोन वर्षं झाले, आपल्या भागात पांढरी गाडी शिरली का लोक हातातलं काम टाकून इचारतात, "कोणाच्या घरी झालं?" कास्तकारानं फवारणीचं औषध पेलं का हापिसरची गाडी येते नाहीतं पेपरवाल्याची, अन् ते मेलेल्याच्याच घरी जाते. परवा भागीरथाबाईच्या दारापुढं एक गाडी फक्त रस्ता इचाराले थांबली, तं ते म्हातारी आपल्या पोराले हाका मारत कपाशीच्या वावरात धावत गेली. पोरगा फवारणी करून राह्यला होता, चांगला जिता. ते बांधावर बसून रडली. तुही गाडी पांढरीच आहे. मले वाटलं, गावात एक तरी पांढरी गाडी अशी यावी का ते कोणाच्या मरणासाठी नाही आली.

पुंडलिकरावचं तू एका ओळीत लिवलं अन् लगेच "असो". मागच्या सगळ्या पत्रांत तं पुंडलिकराव अन् त्याईची बायको विमलताईच होते. त्याईनं भाजी देल्ली, त्याईनं गाडीले जागा देल्ली. आता माणूस मेला तं असो?

काय लपवून राह्यला तू? चोराच्या मनात चांदणं असते. सांग.

तुहा बाप,
बाबाराव


पुणे,
१७ सप्टेंबर

बाबा,

जयभीम. सांगतो. पण आईले वाचून दाखवू नका. नाही, दाखवा. आता कोणापासून काय लपवू.

किलोमीटर इचारले ना? सहा महिन्यांत नऊशे. गाडी उभीच राह्यते. काढली का जागा जाते, म्हणून मी कंपनीच्या बसनं जातो अन् गाडी जागा धरून बसते. हप्ता मी गाडीचा भरत नाही बाबा, जागेचा भरतो.

उभी कुठं, ते सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, इजेच्या खांबाजवळ. ते जागा पुंडलिकरावांनीच देली. त्यांचं घर गल्लीच्या पार शेवटी. मी नवीन गाडी घेऊन चार रात्री जागा शोधत फिरलो, तं ते म्हणाले, "लावा इथं, आपल्या जिल्ह्याचे आहा तुम्ही." फक्त एक गोष्ट सांगतली. इथं सगळे गाडी न्यूट्रलले ठेवतात, हँडब्रेक न लावता. मोठं वाहन आलं का चार लोक गाडी ढकलून पुढं मोकळ्या जागेत नेतात, अन् मग वापस आणतात. गल्लीचा नेमच आहे तो. म्या हो म्हटलं.

तीन महिने तसंच ठेवलं. मग कोणीतरी ढकलता ढकलता खांबावर आदळवली. अठराशे गेले. मले लय राग आला. दुसऱ्या दिवसापासून म्या गाडी गियरमधी टाकली, हँडब्रेक ओढला, अन् तुमचा दगड लावला. तोच काळा दगड, तुमच्या कंडक्टर फुलसिंग काकांनी घाटात एसटीच्या चाकाखाली टाकला होता तो. गाडी घेतली तेव्हा तुम्ही दुपट्ट्यात बांधून देल्लता. गटाराकडच्या चाकाखाली लावला, कोणाले दिसू नये असा.

नऊ ऑगस्टले, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास पुंडलिकरावांच्या छातीत दुखाले लागलं. त्यांच्या पोरीनं, सुरभीनं, अँब्युलन्स बोलावली. ते गल्लीच्या तोंडाशी आली अन् अडकली. माह्या गाडीपाशी.

लोकांनी गाडी ढकलली. रोज हलते, आजही हलन, असंच सगळ्यांले वाटलं. सहा माणसं लागले. रस्ता सपाट, पण चाकापुढं दगड. पंधरा मिनिटं त्यातच गेले. सुरभीनं मले अकरा फोन केले. आमच्या कंपनीत मोबाईल गेटवर जमा करावा लागते, ते तुम्हाले ठाऊक आहे. कोणीतरी म्हणालं, काच फोडू अन् ब्रेक सोडू. तं विमलताईच म्हणाल्या, "नको, हप्त्यावरची गाडी आहे त्या पोराची."

बाबा, त्यांचा नवरा आत तडफडत होता अन् त्या माह्या काचेचा इचार करत होत्या.

शेवटी खुर्चीत बसवून उचलून आणलं. दवाखान्याच्या दारात गेले ते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तं.

मी संध्याकाळी आलो. गल्ली माणसांनी भरली होती. मी पहिले काय केलं, सांगू? विमलताईकडे नाही गेलो. चप्पल घालतो असं करून खाली वाकलो, दगड काढला अन् भिंतीच्या कडेले विटांत टाकून देला. मंग गेलो. लोकांनी इचारलं, हँडब्रेक लावला होता काय? म्या म्हटलं, नाही, जाम झाला असन. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली, ब्रेक चांगला होता तरी पाहून घ्या म्हटलं. गल्लीले दिसावं म्हणून.

एवढ्यावर थांबत नाही. तिसऱ्या दिवशी विमलताईनं इचारलं, "अस्थी आळंदीले न्याच्या आहे, गाडी घेशील का बेटा?" मी घेतली. त्याच गाडीत, मागच्या सीटवर त्या मडकं मांडीवर धरून बसल्या. वापस आल्यावर पेट्रोलचे पैसे माह्या खिशात घालाले लागल्या. म्या हात झटकला तं म्हणाल्या, किती गुणाचं पोरगं आहे.

तेव्हापासून मले जेवण जात नाही. रोज त्या दारातून इचारतात, जेवला काय. मी गाडी इकून पळून जावं म्हणतो. दुसऱ्या भागात खोलीही पाह्यली.

पहिले मले वाटलं, बाबांनीच शिकवलं होतं, गियर, ब्रेक अन् दगड. माहं काय चुकलं? महिनाभर मी तुमच्यावर ढकलत होतो. पण तुमचं नाव लावाची गोष्ट नाही हे. गल्लीचा नेम मले सांगतला होता. अठराशे रुपयांसाठी म्या तो मोडला.

या गाडीत तुम्हाले बसवून दीक्षाभूमीले कसं नेऊ? गावात आणू कशी? भागीरथाबाई धावत गेली ते बरोबरच होतं, माही गाडी तसलीच आहे.

काय करू, सांगा.

इंद्रजित


आर्णी,
२२ सप्टेंबर

इंद्रजित,

पत्र काल आलं. तुह्या मायले पूर्ण वाचून दाखवलं, एक ओळ सोडली नाही. ते रडली नाही. म्हणाली, "त्या बाईले कोण सांगन?"

मले तुहा राग आला. लय आला. हात शिवशिवले. दगड काढाले वाकला तू, तिथं. गाडी आडवी राह्यली ते चूक झाली म्हणीन मी, चूक कोणाच्या हातून होत नाही? पण दगड लपवला ते चूक नाही. तो खोटेपणा आहे. अन् त्या बाईच्या हातचा चहा पेला असशील तू त्यानंतर. पेला असशीलच, इचारत नाही.

आता दगडाचं ऐक. तुले देला तेव्हा पूर्ण सांगतलं नाही, ते माहं चुकलं. त्या दिवशी घाटात ब्रेक गेला तेव्हा गाडीत बेचाळीस माणसं होते. फुलसिंगनं चालत्या गाडीतून उडी मारली अन् चाकाखाली दगड टाकला. गाडीची समोरची काच फुटली, पत्रा फाटला. डेपोत आम्हाले कोणी इचारलं नाही, पत्र्याचं किती झालं. मी तो दगड वीस वर्षं सीटखाली ठेवला तो माणसासाठी. तू तो बंपरसाठी लावला. दगड तोच आहे, बाप्पा.

तू इचारलं, काय करू. तुले माहीत आहे काय कराचं, म्हणून तं जेवण जात नाही तुले.

गाडी इकाची तं इक, ठेवाची तं ठेव, ते मंगची गोष्ट. खोली बदलू नको. विटांतला दगड काढ, धू, अन् हातात घेऊन विमलताईच्या दारी जा. पिशवीत घालू नको. गल्लीले दिसू दे. सुरभी घरी असन तेव्हाच जा, बुढीले एकटं गाठू नको. हँडब्रेक, गियर, दगड, गॅरेज, सगळं सांग. माफी माग, पण माफ करा म्हणून मागं लागू नको. त्या शिव्या देतील तं खाय. पोलिसात चला म्हणाल्या तं चाल. दार लावून घेतलं तं पायरीवर बस.

मी मंगळवारी यवतमाळवरून पुण्याच्या गाडीत बसतो. बुधवारी सकाळी पोचतो. तुही माय बी येते, आयकत नाही. आमच्यासाठी थांबू नको. बाप आला म्हणून पोरगा खरं बोलला, असं त्या बाईले वाटाले नको. आम्ही येतो ते तुह्या मागं उभं राह्याले, पुढं नाही.

स्टँडवर गाडी आणू नको. पायी ये.

दसऱ्याले जाऊ नागपूरले, नाही जाऊ, ते आता विमलताईच्या दारावर ठरन. गेलो तं बसनं जाऊ. तू खिडकीपाशी बसजो.

बुधवारी उतरल्यावर मी तुले काही इचारणार नाही. तीस वर्षं आरशात मागच्या लोकायचे तोंडं पाह्यले म्या. तुहं तोंड पाह्यलं का मले समजन, सांगून आला का नाही.

तो दगड तुह्या हाती देणारा,
तुहा बाप